दोष यंत्राचा की लिनक्सचा?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमच्या येडशीत घराघरांतून जे कॉम्प्युटर आहेत, ते बहुतेक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याहून आलेले. कुठल्यातरी कंपनीने वर्षानुवर्षे वापरून काढून टाकलेले आणि व्यापाऱ्याने पुसूनपासून पुन्हा विकलेले. त्यांच्यावर विंडोज ११ कुठले चालायला? मग धाराशिव-लातूरला कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी सुट्टीत येऊन घरच्या यंत्रावर लिनक्स मिंट बसवून दिले. पैसा लागला नाही, यंत्र पूर्वीपेक्षा चपळ झाले, अम्मी-अब्बा खूश झाले.

पोरे परत गेली. आणि मग एके दिवशी यंत्र सुरूच होईना, किंवा चालता चालता बंद पडू लागले, किंवा वायफायच दिसेनासे झाले. पूर्वी असे झाले की घरात एकच निदान व्हायचे : व्हायरस आला असेल. आता नवे निदान आले आहे : लिनक्समुळे झाले. यंत्र रिक्षात घालून दुकानात न्यावे, तर तिथेही पुष्कळदा हेच ऐकायला मिळते. फॉरमॅट मारून, वर कुठले तरी बिनपरवान्याचे विंडोज टाकून यंत्र परत येते. बिघाड जिथल्या तिथे राहतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा डोके वर काढतो. मधल्या मध्ये घरातले फोटो आणि कागदपत्रे मात्र गेलेली असतात.

आम्ही इंजिनिअर नाही. शाळेत मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. पण मोहल्ल्यातली बरीच यंत्रे गेल्या काही वर्षांत आमच्या टेबलावर येऊन गेली. वाचक भगिनी-बंधूंना घरच्या घरी करता येईल एवढेच त्यातून निवडून इथे देत आहोत. स्क्रू खोलण्याचे काम फार थोडे आहे. पाहण्याचे आणि ऐकण्याचे जास्त आहे.

सगळ्यात आधी भिंतीवरच्या प्लगकडे पाहा. कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते, अशी तक्रार आम्ही कितीतरी घरांत ऐकली आहे. मुले गमतीने एकमेकांना हात लावायला सांगतात. ही गंमत नाही. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेज आणि डबा यांच्यामध्ये, दुसरा न्यूट्रल आणि डबा यांच्यामध्ये. त्यांतून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, अशी ती रचना आहे. अर्थिंग नसेल तर डबा २३० व्होल्टच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर लटकत राहतो. प्रवाह बारीक असतो म्हणून जीव जात नाही, नुसती झिणझिणी येते. पण त्याच अवस्थेत तुम्ही टीव्हीची किंवा प्रिंटरची केबल जोडायला गेलात, तर टोकाला ठिणगी उडते आणि यूएसबीचे किंवा एचडीएमआयचे भोक कायमचे मरू शकते. मग म्हणायचे, लिनक्सला पेन ड्राइव्ह दिसत नाही!

आणि आतली एखादी तार सुटून खरोखरच डब्याला लागली, तर ती झिणझिणी राहत नाही. अर्थिंग नसलेल्या घरात तिथे मृत्यू आहे.

आमच्याकडे बालाघाटाच्या डोंगरावर जमीन मुरमाड, पाणी खोल. जुन्या घरांत मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा असतो, पण उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा पडतो आणि कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही. मार्च ते जून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. खड्डाच नसेल तर वायरमन बोलावून करून घ्या. तीन पायांच्या प्लगचा जाड पाय कापून दोन पायांच्या बोर्डात घालणारे हुशार लोक प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांना कॉम्प्युटरजवळ येऊ देऊ नका. अर्थिंगची तार न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपला बांधण्याचा सल्लाही कोणी दिला तरी मानू नका.

यूपीएसचेही तसेच. वीज क्षणभर डोळा मिटते आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, ही तक्रार घेऊन जे येतात त्यांना आम्ही विचारतो, यूपीएसची बॅटरी कधी बदलली? उत्तर असते, तिला पण बदलायचे असते का? घरगुती यूपीएसमध्ये साधारणतः १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी असते आणि आपल्याकडच्या उन्हात ती दोन-तीन वर्षांत थकते. परीक्षा सोपी आहे. रात्रभर यूपीएस चार्ज होऊ द्या, सकाळी त्याला कॉम्प्युटरऐवजी ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि भिंतीवरचे बटण बंद करा. बल्ब लगेच विझला तर बॅटरी गेली. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लग तर काढाच, इंटरनेटची तारही काढा. विजेचा लोळ त्या वाटेनेही आत येतो.

वीज ठीक आहे, तरीही यंत्र त्रास देते. आता प्रश्न उरला की दोष यंत्राच्या अंगात आहे की त्यावर बसवलेल्या प्रणालीत. याचा निवाडा करण्याचे जे साधन लिनक्सवाल्यांच्या घरात आधीच पडलेले असते, ते म्हणजे ज्याने मिंट बसवले तो पेन ड्राइव्ह. पोरे तो पुसून त्यात सिनेमे भरतात. तसे करू देऊ नका. आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह कायम त्याच कामाला ठेवा आणि कपाटात, दस्तऐवजांच्या पिशवीत टाका. यंत्र सुरू करताना एफ १२ (काही यंत्रांत एफ ९ किंवा एस्केप) दाबत राहिले की कुठून सुरू व्हायचे ते विचारले जाते. तिथे पेन ड्राइव्ह निवडला की पूर्ण लिनक्स त्या पेन ड्राइव्हवरून चालते आणि तुम्ही स्वतः 'इन्स्टॉल' दाबत नाही तोवर आतल्या डिस्कला हात लावत नाही.

आता तेच काम करून पाहा ज्यात यंत्र अडत होते. पेन ड्राइव्हवरूनही आवाज येत नाही, स्क्रीन तसाच चट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, अर्ध्या तासाने तसेच बंद पडते, तर दोष अंगातच आहे असे धरून चालायला हरकत नाही. दुकानदाराने कितीही वेळा फॉरमॅट मारले तरी फरक पडणार नाही. पेन ड्राइव्हवरून सगळे सुरळीत चालले, तर संशय दोघांवर : बसवलेली प्रणाली किंवा ती जिच्यावर बसली आहे ती डिस्क. अपडेट केल्यानंतर दुसऱ्याच दिवसापासून वायफाय किंवा आवाज गेला असेल, तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून येणाऱ्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधीचे कर्नल निवडा. त्यावर चालले तर नव्या कर्नलची कुरबुर आहे, यंत्र धडधाकट आहे. तेवढ्यापुरते जुन्यावर काम करावे आणि पुढच्या अपडेटची वाट पाहावी.

हाच पेन ड्राइव्ह वापरातले यंत्र विकत घेतानाही खिशात असावा. पैसे मोजण्याआधी दुकानातच त्यावरून यंत्र सुरू करून वायफाय, आवाज, कॅमेरा, सगळी यूएसबीची भोके पाहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसरे दुकान पाहा.

लिनक्सची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. ते काही लपवत नाही. मिंटच्या मेनूत 'लॉग्ज' नावाचे एक खिडकीवजा साधन आहे. त्यात यंत्राची रोजनिशी असते. कुठला भाग केव्हा सापडला, कोण उत्तर देत नाही, कोणाचे डोके तापले, सगळे वेळेसह लिहिलेले. त्यात 'हार्डवेअर' म्हणून वेगळा कप्पा आहे. वरच्या तारखेवर क्लिक केले की मागच्या वेळी यंत्र चालू होते तेव्हाचीही पाने उघडतात. यंत्र अचानक बंद पडत असेल तर त्या आधीच्या वेळेचे शेवटचे पान पाहा. रीतसर बंद झालेले यंत्र जाताना आवराआवर केल्याच्या नोंदी करते. नोंद मध्येच तुटली असेल, म्हणजे ३ वाजून १२ मिनिटांनी साधे काहीतरी लिहिले आणि पुढे कोरेच, तर वीज गेली, एसएमपीएसने दम तोडला किंवा उष्णतेने यंत्राने स्वतःच डोळे मिटले, असे समजा. इंग्रजी फारसे न कळणाऱ्यांनीही 'एरर' आणि 'फेल्ड' हे दोन शब्द हेरावेत आणि त्या ओळींचा मोबाइलने फोटो काढून जाणत्या माणसाला पाठवावा. जुने हकीम नब्ज धरून बसायचे, तसे इथे पाच मिनिटे बसायचे. एवढे झाले तरी दुकानाच्या अर्ध्या फेऱ्या वाचतात.

आता ज्या घरामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या घराविषयी. आमच्या मागच्या गल्लीत एक भाभी घरी बसून टायपिंगची कामे करतात. मराठी लग्नपत्रिका, उर्दू दावतनामे, शाळांच्या प्रश्नपत्रिका. त्यांच्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्या जुन्या काळच्या दखनी जात्यावरच्या गाण्यांचा खजिना होत्या. विजापूरच्या सूफींनी सतराव्या शतकात रचलेल्या चक्कीनाम्यांशी या गाण्यांचे नाते सांगतात, आणि ती म्हणणाऱ्या बाया आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. भाभींनी सासूबाईंना बोलते-गाते करून मोबाइलवर अकरा ध्वनिफिती भरल्या होत्या. नंतर मोबाइल बदलला. फिती कॉम्प्युटरमध्ये राहिल्या, फक्त तिथेच.

मग यंत्र रडू लागले. एखादी फाइल उघडली की दोन-दोन मिनिटे गोठायचे आणि आतून टक्, टक् असा आवाज यायचा. दुकानात सांगितले गेले की लिनक्स खराब झाले आहे, फॉरमॅट करून देतो, संध्याकाळी घेऊन जा. भाभी यंत्र तसेच घेऊन परत आल्या आणि आमच्याकडे विचारायला आल्या, "सर, फॉरमॅट केल्यावर आवाज राहतो का हो?"

टक् टक् हा फिरत्या हार्ड डिस्कचा आवाज आहे. तिच्यात चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेतात आणि वाचणारे टोक चकतीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. ते टोक जागा चुकून पुन्हा पुन्हा मूळ ठिकाणी परतू लागले की असा आवाज येतो. अशा डिस्कला थोडे दिवस म्हणा की थोडे तास म्हणा, मोजकेच आयुष्य उरलेले असते आणि ते कशावर खर्च करायचे हे आपण ठरवायचे असते. फॉरमॅटवर, तपासण्यांवर की आपल्या फाइलींवर?

आम्ही पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले. मेनूतले 'डिस्क्स' उघडले, डिस्क निवडली आणि कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून 'स्मार्ट डेटा' पाहिला. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची ही नोंद आत ठेवते. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर काउंट' म्हणजे खराब झाल्यामुळे बाद करून ज्यांच्या बदली राखीव जागा दिली असे तुकडे. 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' म्हणजे जे आत्ता वाचताच येत नाहीत असे तुकडे. निरोगी डिस्कमध्ये दोन्ही शून्य असतात. भाभींच्या डिस्कमध्ये दुसरा आकडा दोनशेच्या पुढे होता. आणि गंमत पाहा, त्याच खिडकीत वर 'डिस्क ठीक आहे' असा शेराही होता! तो शेरा फार उदार असतो. विश्वास आकड्यांवर ठेवावा.

मग आम्ही ना 'सेल्फ-टेस्ट' दाबली, ना दुरुस्तीची कुठली आज्ञा दिली. बाहेरची एक यूएसबी डिस्क जोडली आणि आधी फक्त त्या अकरा फिती उचलल्या. घर पेटले तर माणूस आधी कपाट ओढत नाही. नऊ फिती बिनतक्रार आल्या. दोन अडल्या. त्या बाजूला ठेवून निकाहाचे फोटो, शेताचे सातबारे, मुलांचे दाखले, टायपिंगच्या फाइली घेतल्या आणि रात्री त्या दोन अडलेल्या फितींवर 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे फुकट साधन लावले. त्याची रीत चांगली आहे. साधी कॉपी खराब जागेवर आपटून थांबते. हे साधन आधी जेवढे सहज वाचता येते तेवढे उचलते, खराब जागा ओलांडून पुढे जाते आणि शेवटी परत फिरून एकेका तुकड्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कुठपर्यंत आले याची नोंद ठेवते, त्यामुळे मध्ये थांबले तरी तिथूनच पुढे सुरू करता येते. इशानंतर लावले ते फज्रपर्यंत चालले. मध्ये एकदा वीज गेली, इन्व्हर्टरने सांभाळले. सकाळी एक फीत पूर्ण मिळाली. दुसरीत सासूबाईंचा आवाज एका ओळीवर तुटतो, काही सेकंद खरखर होते आणि पुढे गाणे पुन्हा सुरू होते. ती ओळ भाभींना पाठ होती. त्यांनी वहीत उतरवून ठेवली.

जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली आणि तिच्यावर तेच मिंट पुन्हा टाकले. यंत्राला बाकी काहीही झालेले नव्हते. फितींची एक प्रत आता बार्शीला नणंदेकडे आहे, एक भाभींच्या कपाटात. एसएसडीविषयी एक सांगून ठेवतो. तिच्यात फिरणारे काही नसते, म्हणून ती टक् टक् करून निरोपही देत नाही. गेली की एका क्षणात जाते. त्यामुळे नवी डिस्क आली म्हणून दुसरी प्रत नको, असे समजू नये.

अगदी उलटे उदाहरण नाण्याएवढ्या सेलचे. यंत्र सुरू होते, काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडले नाही' असे येते आणि घरात रडारड. डिस्क गेली, सगळे गेले! अशा वेळी आधी तारीख पाहा. एफ २ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये गेलात आणि तिथे वर्ष पाच-दहा वर्षे मागचे दिसले, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला आहे. हा सेल वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो आणि जुन्या यंत्रांत बायोसच्या आवडीनिवडीही जपतो. तो संपला की यंत्र कारखान्यातल्या मूळ आवडीनिवडींवर जाते. कुठल्या डिस्कवरून, कुठल्या पद्धतीने सुरू व्हायचे हेच विसरते. डिस्क बिचारी जागेवर असते, तिला कोणी हाक मारत नाही. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलून, तारीख लावून, सुरू होण्याच्या क्रमात डिस्कला वर आणले आणि पद्धत पूर्वीची, म्हणजे यूईएफआय किंवा लेगसी, पुन्हा निवडली की काम झाले. लिनक्समध्ये हा आजार बरेच दिवस झाकलेला राहतो, कारण इंटरनेट मिळताच ते घड्याळ गुपचूप दुरुस्त करून घेते. जाता जाता : एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि विंडोजमध्ये वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसत असेल, तर सेल बदलायला धावू नका. लिनक्स घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजते. एवढाच तो वाद आहे.

उष्णता आणि धूळ यांविषयी फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असते आणि करत कोणी नाही. सोयाबीनच्या खळ्यांचा धुरळा आणि हायवेची धूळ मिळून प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखी गादी तयार होते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो. वर्षातून दोनदा, प्लग काढून, डबा उघडून, ब्लोअरने धूळ उडवा. पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने गरगर फिरू देऊ नका. तेवढ्यात रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा आणि 'खट्' आवाज येईपर्यंत परत बसवा. त्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. तरीही यंत्र कधीही, कुठेही कोसळत असेल तर पेन ड्राइव्हच्या सुरुवातीच्या यादीत रॅम तपासण्याची सोय असते, ती रात्रभर चालवा. एक लाल ओळ दिसली तरी ती पट्टी बाद. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते.

राहिला वायफायचा प्रश्न, आणि इथे लिनक्सवरचा आरोप अर्धा खरा आहे. आधी लॅपटॉपवरचे विमानाचे किंवा अँटेनाचे चिन्ह असलेले बटण कोणी दाबले नाही ना ते पाहा. घरात लहान मूल असेल तर दहातली पाच प्रकरणे इथेच संपतात. मग मोबाइल यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, म्हणजे इंटरनेट मिळेल, आणि मेनूतले 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. कित्येक वायफाय चिपना कंपनीचा स्वतःचा बंद मजकूर, ज्याला फर्मवेअर म्हणतात, लागतो. तो तिथून उतरवता येतो. डेबियनने तर जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून असा मजकूर बसवण्याच्या फाइलीतच देऊ केला, कारण वायफायशिवाय वायफायचा मजकूर उतरवायचा कसा, या कोड्यात लोक वर्षानुवर्षे अडकत होते.

कंपन्या विंडोजसाठी ड्रायव्हर लिहून देतात, आपल्या चिपशी कसे बोलायचे ते मात्र पुष्कळदा उघड करत नाहीत. हे दुखणे लिनक्सच्याही आधीचे आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा आणि वेगळ्या मजल्यावर बसलेल्यांना कळायचे नाही. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून कागद अडकल्याचा निरोप सर्वांच्या पडद्यावर येईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मागितला तर गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार मिळाला. पुढे २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लायनस टॉरव्हाल्ड्स यांचे लिनक्स कर्नल आले, आणि दोन्ही मिळून आज आपल्या घरात जे चालते ते तयार झाले. भाभींच्या फिती वाचवणारे साधनही त्याच जीएनयूच्या घरातले.

अधिक शिकायचे असेल तर मराठीत सोय आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे छोटे छोटे धडे मराठी आवाजातही विनामूल्य मिळतात. मॅट्रिक झालेल्या मुलीला घरी बसून पाहता येतील इतके ते सोपे आहेत. सी-डॅकने डेबियनवर उभे केलेले 'बॉस' हे भारतीय लिनक्सही आहे. याच सी-डॅकच्या पुण्यातल्या सुरुवातीच्या दिवसांत पडद्यावर देवनागरी अक्षर उमटवायला जिस्ट नावाचे एक कार्ड कॉम्प्युटरमध्ये खोचावे लागे. म्हणजे मराठी न दिसणे हाही त्या काळी हार्डवेअरचाच प्रश्न होता! पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा 'प्लग' नावाचा जुना गट आहे. पुण्यात शिकणाऱ्या मुलांनी तिकडे जरूर डोकवावे.

आणि दुकानात जायची वेळ आलीच, तर एका कागदावर एवढे लिहून न्या : बिघाड कधीपासून, त्याच्या आदल्या दिवशी काय बदलले, पेन ड्राइव्हवरून चालवल्यावर काय झाले, डिस्कचे ते दोन आकडे किती. कागदाच्या खाली ठळक अक्षरांत : विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. शक्य असेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि उरलेले यंत्र न्या. धाराशिवला जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर पडतात, ती फेरी एकदाच व्हावी.

प्रिंटरविषयी तीन वाचकांनी विचारले आहे. तो विषय इथे मावणारा नाही, पुढच्या अंकात घेऊ. तोवर आपल्या प्रिंटरचे पूर्ण नाव आणि मॉडेल क्रमांक पाठीमागच्या चिठ्ठीवरून उतरवून कळवावा.